पाच किलोमीटरसाठी दुसरी गाडी

पुण्यात मीटरच्या रिक्षाने पाच किलोमीटर जायला साधारण ८५ रुपये लागतात. पहिल्या दीड किलोमीटरचे २५ आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरचे १७, हा २०२२ साली ठरलेला दर मी इथे धरला आहे. कोथरूडहून डेक्कनला रोज रिक्षाने कामावर जाणारा माणूस आपल्याला हात सैल सोडणारा वाटतो. त्याच कर्वे रस्त्यावरून स्वतःच्या मोटारीने जाणारा तसा वाटत नाही, कारण तेवढ्या अंतराला त्याचे पेट्रोल जळते चाळीस-पंचेचाळीस रुपयांचे. म्हणजे मोटार रिक्षाच्या निम्म्यात पडते, असे आपण धरून चालतो. या समजावर घरोघरी दुसरी मोटार येऊन उभी राहिली आहे, आणि हा समज मुळातच चुकीचा आहे.

मी बोलतो आहे ते दुसऱ्या गाडीबद्दल. पहिल्या गाडीशी माझे भांडण नाही. गावी जायचे असते, आईवडिलांना दवाखान्यात न्यायचे असते, दिवाळीची खरेदी असते, लग्नकार्ये असतात. मध्यमवर्गीय घराला एक मोटार असावी, हे मला मान्य आहे. पण नवराबायको दोघेही नोकरी करतात, एकाचे ऑफिस हिंजवडीला आणि दुसऱ्याचे चार-सहा किलोमीटरवर, म्हणून त्या चार-सहा किलोमीटरसाठी सात-आठ लाखांची आणखी एक गाडी घेतली जाते, तेव्हा तिचा हिशेब एकदा तरी कागदावर मांडायला हवा. बहुतेक घरांत तो मांडलाच जात नाही. हप्ता परवडतो का एवढेच पाहिले जाते.

तर मांडूया. अंतर एका बाजूने पाच किलोमीटर, कामाचे दिवस वर्षाला २४०. जाऊन-येऊन २,४०० किलोमीटर झाले. वाटेत भाजी, बँक, मुलांचा क्लास धरून ३,००० म्हणू. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, रस्त्यावर येईपर्यंतची किंमत आठ लाख. यात महाराष्ट्राचा मोटार वाहन कर आला. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो किमतीच्या ११ टक्के असतो आणि एकरकमी भरावा लागतो. गाडी विकताना तो कुणी परत देत नाही.

पहिला आणि सर्वांत मोठा खर्च आपल्याला दिसतच नाही. गाडीची किंमत उतरते. किती उतरते याचा अंदाज घ्यायला विम्याची पॉलिसी उघडून पाहावी. तिच्यात गाडीचे जाहीर मूल्य, म्हणजे आयडीव्ही, लिहिलेले असते. ते ठरवण्याचे कोष्टक असे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षापर्यंत २०, मग ३०, मग ४०, आणि पाच वर्षे पूर्ण होताना ५० टक्के. बाजारात यापेक्षा थोडे कमी-जास्त मिळेल, पण अंदाजाला हे पुरेसे आहे. आठ लाखांच्या गाडीचे पाच वर्षांनी चार लाख आले असे धरले तर वर्षाला ८०,००० रुपये गेले. गाडी चालवा किंवा न चालवा, हे जाणारच.

सहा लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले तर हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास बसतो आणि एकूण व्याज जाते जवळपास १,४७,०००. वर्षाला २९,५०० धरू. रोख पैसे देऊन गाडी घेणाऱ्यानेही हा आकडा शून्य समजू नये. ते पैसे मुदत ठेवीत राहिले असते, त्याचे व्याज बुडालेच की. विमा सरासरी १५,०००. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून १२,०००. सकाळी गाडी पुसणाऱ्याला महिना ६०० दिले तर वर्षाचे ७,२००. आणि पेट्रोल? शहरातल्या कमी अंतराच्या, थांबत-थांबत होणाऱ्या फेऱ्यांत गाडीने लिटरला १२ किलोमीटर दिले आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर वर्षाचे २६,०००.

बेरीज १,६९,७००. त्यात पेट्रोलचा वाटा जेमतेम १५ टक्के. एका किलोमीटरला पडले ५६ रुपये. रिक्षा तेवढ्याच किलोमीटरला १७ घेते.

रोज दोन्ही वेळा रिक्षाने गेले तर वर्षाचे २४० दिवस गुणिले १७० रुपये, म्हणजे ४०,८०० होतात. मोटारीच्या पाव खर्चात. ज्याला आपण हात सैल म्हणत होतो, तो वर्षाला सव्वा लाख रुपये वाचवत असतो. मोटारवाला फक्त पेट्रोलपंपावरचा आकडा पाहतो आणि रिक्षावाल्याच्या मीटरमध्ये मात्र गाडीची किंमत, विमा, दुरुस्ती, चालकाची मजुरी असे सगळेच आलेले असते. दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही, तरी आपण ती रोज करतो.

इथे एक हरकत येईल, आणि ती योग्य आहे. पुष्कळ घरांत दुसरी गाडी नवी नसते. मोठी गाडी घेतली, जुनी विकली नाही, ती तशीच ठेवून दिली, असेच जास्त घडते. तिची किंमत आधीच उतरून गेली आहे, मग तिला खर्च कसला? आठ वर्षांच्या, अडीच लाख किमतीच्या गाडीचा हिशेब करू. वर्षाला तीसेक हजारांनी ती अजून उतरते. विमा ८,०००, दुरुस्ती जास्त म्हणून २०,०००, पुसणे ७,२००, पेट्रोल तेच २६,०००, आणि अडीच लाख अडकून पडल्याचे ७ टक्क्यांनी १७,५००. एक लाखाच्या वर गेलेच. पंधरा वर्षे झाली की फेरनोंदणी येते. मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२पासून ५,००० रुपये झाले, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. ‘घरचीच गाडी आहे, फुकट आहे’ हे वाक्य सर्वांत महागात पडते ते याच जुन्या गाडीच्या बाबतीत.

पैशांचे झाले. पण पाच किलोमीटरच्या फेऱ्या खुद्द गाडीलाही मानवत नाहीत, आणि याविषयी फार कमी लोक बोलतात.

पेट्रोलचे इंजिन थंड असताना त्याला पेट्रोल जास्त लागते. गार सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिनाचा संगणक मुद्दाम जास्त इंधन सोडतो. काट्यावर पाण्याचे तापमान काही मिनिटांत वर आलेले दिसते, पण तेल तापायला त्याहून बराच वेळ घेते. तोवर ते घट्ट असते आणि इंजिन स्वतःच्याच घर्षणाशी झगडत राहते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोहोचल्यावर काम करू लागतो. त्याआधी निघणारा धूर बराचसा तसाच रस्त्यावर येतो. पुण्याची थंडी युरोपातल्या थंडीसारखी नाही, म्हणून आपल्याकडे हा त्रास सौम्य असतो, पण चुकत नाही. तवा तापायच्या आत गॅस बंद करायचा आणि संध्याकाळी पुन्हा तेच, असा या गाडीचा दिनक्रम असतो.

पाण्याची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. पेट्रोलमधला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांचे ते पाणी. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले की ते वाफ होऊन निघून जाते. तापले नाहीत तर सायलेन्सरमध्ये साचते आणि त्याला आतून गंज चढवते. थोडे तेलातही उतरते. रोज जवळच जाणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली कधीकधी दुधाळ, पिवळसर साय दिसते, ती याच पाण्याची. न जळलेले पेट्रोलही तेलात मिसळते आणि ते पातळ करते. म्हणूनच अनेक कंपन्या आपल्या पुस्तिकेत कमी अंतराच्या वारंवार फेऱ्यांना ‘कठीण वापर’ म्हणतात आणि तेल लवकर बदलायला सांगतात. ते पान फारसे कुणी वाचत नाही. गाडी फिरली कमी म्हणून सर्व्हिसिंग लांबवणारेच अधिक.

बॅटरीचेही तेच. स्टार्टर फिरवायला क्षणभर शे-दोनशे अँपिअर लागतात. ते भरून काढायला अल्टरनेटरला वेळ हवा. वातानुकूलन, दिवे, वायपर चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटे सिग्नलला थांबत गेलेल्या गाडीत तो पुरेसा मिळत नाही.

आणि दुसरी गाडी डिझेलची असेल तर प्रकरण गंभीर होते. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ मानके आली आणि डिझेल मोटारींत काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, बसू लागली. साचलेली काजळी जाळून टाकायला त्या जाळीचे तापमान ६०० अंशांच्या घरात न्यावे लागते, आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग पळावी लागते. कोथरूड ते डेक्कन या रस्त्यावर ती कधीच तशी पळत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, मेकॅनिक सांगतो ‘एकदा एक्स्प्रेसवेवर फिरवून आणा’, आणि तरीही न सुटल्यास खर्च हजारोंत जातो. जवळच्या रोजच्या फेरीसाठी बीएस-६ डिझेल गाडी ठेवणे हा मला सर्वांत वाईट पर्याय वाटतो.

मग काय वापरायचे? कोथरूड-डेक्कन मार्गावर आज जेवढे पर्याय आहेत तेवढे दहा वर्षांपूर्वी नव्हते. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. १ ऑगस्ट २०२३ला ती नदी ओलांडून रुबी हॉलपर्यंत गेली, नंतर रामवाडीपर्यंत. २९ सप्टेंबर २०२४ला भुयारी मार्ग स्वारगेटला पोहोचला. दोन्ही मार्ग न्यायालयाजवळच्या स्थानकात एकमेकांना मिळतात. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे, डेक्कन. ज्याचे घर आणि ऑफिस यांतल्या कुठल्याही दोन स्थानकांपासून दहा-बारा मिनिटे चालण्याच्या अंतरात आहे, त्याने खरे तर दुसऱ्या कशाचा विचारच करू नये. भाडे १० रुपयांपासून सुरू होते. जाऊन-येऊन रोजचे ४० धरले तरी वर्षाचे ९,६०० होतात. चालणे होते ते वेगळे.

बसने याहून स्वस्त. पीएमपीएमएलने १ जून २०२५पासून भाडे वाढवले, तरी पहिल्या पाच किलोमीटरचे तिकीट १० रुपये आहे. रोज दोन तिकिटे म्हणजे वर्षाचे ४,८००. पाचच किलोमीटर जाणाऱ्याने मासिक पासच्या भानगडीत पडू नये. तो १,५०० रुपयांचा आहे आणि शहरभर फिरणाऱ्याच्या सोयीचा आहे. बसबद्दल मला खोटे गुणगान करायचे नाही. गाडी वेळेवर येईल याची खात्री नसते, गर्दी असते, ऐन रस्त्यात बंद पडलेल्या बसही आपण पाहतो. २००७ साली पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र करून ही कंपनी बनली, तेव्हापासून पुण्याला पुरेशा बस कधीच मिळालेल्या नाहीत, आणि दुसऱ्या मोटारींची रांग वाढण्यामागे हे एक मोठे कारण आहे. ज्या शहराने २००६मध्ये कात्रज ते हडपसर असा बससाठी राखीव मार्ग देशात सर्वांआधी करून पाहिला, त्याने बसला असे वाऱ्यावर सोडावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. पण कर्वे रस्ता, पौड रस्ता, सातारा रस्ता, नगर रस्ता अशा मोठ्या मार्गांवर अनेक क्रमांकांच्या बस एकाच दिशेने जात असतात. तिथे पाच किलोमीटरसाठी एखादी ठरावीक बस गाठायची गरज पडत नाही, जी आधी येईल ती चालते.

राहिली दुचाकी. पुण्याला दुचाकी शिकवावी लागत नाही. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले गेलेले हे गाव पुढे स्कूटरचे झाले. चेतक आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ साली निघाली, लूनाही त्याच वर्षीची आणि पुण्यातल्याच फिरोदियांची. ऐंशीच्या दशकात बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, आणि इथल्या हजारो बायका स्वतःच्या गाडीवर स्वतः जाऊ लागल्या. डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळून ऑफिसला निघालेली मुलगी हे पुण्याचे चित्र तेव्हापासूनचे. आज त्याच घरातली मुलगी म्हणते, स्कूटर नको, मोटार हवी. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, त्याकडे पुढे येतो.

विजेवरच्या स्कूटरचा हिशेब आधी करू. रस्त्यावर येईपर्यंत १,२०,००० आणि पाच वर्षांनी फक्त २५,००० आले असे सावध धरले, तर वर्षाची घट १९,०००. महाराष्ट्राच्या २०२१च्या धोरणापासून विजेच्या दुचाकीला मोटार वाहन कर माफ आहे. तिसऱ्या पक्षाचा सक्तीचा विमा ३ ते ७ किलोवॉटच्या स्कूटरला वर्षाला ६०७ रुपये. १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीला तोच ३,४१६ पडतो. स्वतःच्या नुकसानीचा विमा धरून ३,००० म्हणू. टायर, ब्रेक, सर्व्हिसिंग ४,०००. आणि वीज? अशी स्कूटर एका किलोमीटरला साधारण ३० वॉट-तास घेते. ३,००० किलोमीटरला चार्जरमधली गळती धरून शंभरेक युनिट. दहा रुपये युनिटने हजार रुपये. वर्षभराचे. सगळे मिळून २७,०००.

आता याच आकड्यांतून एक गैरसोयीचा निष्कर्ष निघतो आणि तो सांगायलाच हवा. घरात चांगल्या स्थितीतली पेट्रोल स्कूटर आधीच असेल, तर पाच किलोमीटरसाठी ती विकून विजेची घेण्यात पैसे वाचत नाहीत. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर ३,००० किलोमीटरला ७,००० रुपयांचे पेट्रोल पिते. विजेने सहा हजार वाचतील, पण नव्या गाडीची १९,००० घट अंगावर येईल. जो रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरतो त्याला वीज भराभर पैसे परत करते. जवळ जाणाऱ्याला नाही. हवेसाठी, शांततेसाठी विजेची घ्यावी, जरूर घ्यावी, पण बचतीचे कारण देऊन घेऊ नये.

विजेची घ्यायचीच तर दोन गोष्टी पाहाव्यात. २०२२च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले गेले आणि त्याचा दुसरा टप्पा ३१ मार्च २०२३पासून लागू झाला. जुनी घेत असाल तर बॅटरी त्यानंतरची आहे का, हे विचारा. दुसरे म्हणजे चार्जिंग. पाच किलोमीटरवाल्याला आठवड्यातून दोनदा चार्ज करणे पुरते, पण पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पॉइंट ओढायला सोसायटीची परवानगी आधी लेखी घ्यावी, नंतर भांडण नको. ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न धावणाऱ्या आणि २५० वॉटपर्यंतच्या मोटरच्या हलक्या गाड्यांना नोंदणी आणि परवाना लागत नाही. कर्वे रस्त्यावरच्या वाहतुकीत मात्र तो वेग अपुरा पडतो, आतल्या रस्त्यांनी जाणाऱ्यालाच त्या गाड्या सोयीच्या.

पायडलला मोटरची जोड असलेली सायकल मला स्वतःला फार आवडते. कोथरूडकराला सकाळी नदीकडे उतार लागतो आणि संध्याकाळी चढ. तो चढ मोटर उचलते, घाम येत नाही, पाच किलोमीटर वीस-पंचवीस मिनिटांत होतात. अडचण रस्त्याची आहे. पुण्यातले सायकल मार्ग तुकड्या-तुकड्यांत आहेत, त्यांवर टपऱ्या आणि स्कूटर उभ्या असतात. २०१७च्या डिसेंबरात भाड्याच्या सायकली मोठ्या उत्साहाने आल्या आणि काही काळाने दिसेनाशा झाल्या. म्हणून सायकल सुचवताना मी आधी विचारतो, तुमचा रस्ता कोणता? प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता असेल तर बिनधास्त जा. पूल आणि महामार्गाचा चौक ओलांडायचा असेल तर नको.

आता त्या मुलीच्या म्हणण्याकडे येऊ. दुचाकी स्वस्त आहे, पण तिच्यावर माणूस उघडा असतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. जवळजवळ ४५ टक्के. मोटारीतून उतरून स्कूटरवर बसा असा सल्ला देणाऱ्याने हा आकडा लपवू नये. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा जवळजवळ ७० टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष सांगतो. पुण्यात हेल्मेटला विरोध करण्याची एक परंपरा आहे. ती मला कधीही कळली नाही, आणि ‘एवढ्याशा अंतराला कशाला’ हे तिचे सर्वांत घातक वाक्य आहे. १ जून २०२१पासून आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट विकायलाच बंदी आहे. पदपथावर दोनशे-तीनशेला मिळते ते घेऊ नका. हनुवटीखालचा पट्टा लावा. आणि पाच किलोमीटरसाठी पर्याय निवडताना क्रम असा ठेवा: मेट्रो किंवा बस जमत असेल तर तीच, नाही जमली तर दुचाकी. पैशांच्या हिशेबातही तोच क्रम लागतो.

पाऊस ही दुसरी मोठी हरकत. पुण्यात नोंद घेण्याजोगा पाऊस पडतो ते दिवस वर्षाला पन्नासच्या आसपास. त्यांतले काही सुटीचे, काहींचा पाऊस रात्रीचा. तरी पन्नासही दिवस रिक्षाने जायचे ठरवले तर ८,५०० रुपये. स्कूटरचे २७,००० आणि हे मिळून ३५,५००. पावसात रिक्षा मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. त्या दिवशी पहिली मोटार घरात असतेच, एकाने दुसऱ्याला सोडावे. रात्री उशिरा परतणे, तब्येत बरी नसणे, जड सामान, यांसाठीही वर्षाला दहा-वीस हजार रुपये टॅक्सी-रिक्षासाठी बाजूला काढून ठेवले तर मनाला टोचणार नाहीत. लोकांचे इथेच चुकते. गाडी विकल्यावर पाचशे रुपयांची टॅक्सी करताना जीव वरखाली होतो, कारण रोजचे जवळजवळ चारशे रुपये नुसते उभ्या गाडीवर जात होते ते कधी खिशातून सुटे निघालेच नव्हते. घरातल्या बाईला रात्री एकटीने स्कूटरवर यावे लागू नये, हे मला या सगळ्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. त्यासाठी टॅक्सीचा खर्च सढळ हाताने धरावा.

जागेचा प्रश्न आकड्यांत बसवणे अवघड, पण भांडणांत रोज दिसतो. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीत एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरली आहे. साडेबारा चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १३५ चौरस फूट. एवढ्यात माणूस एक खोली बांधतो. स्कूटरला दोन चौरस मीटर पुरतात. अमेरिकी अभ्यासक डोनल्ड शूप यांनी २००५मध्ये मोफत पार्किंगवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात मोटार आयुष्याचा सुमारे ९५ टक्के काळ नुसती उभी असते असे दाखवले आहे. जवळच्या ऑफिसला जाणारी दुसरी गाडी त्याहूनही जास्त उभी असते. सोसायटीच्या आवारात दुसऱ्या गाडीला जागा मिळत नाही, मग ती बाहेर रस्त्यावर लागते. तिथून चालणारे लोक रस्त्याच्या मधोमध येतात. त्यांत शाळेत जाणारी मुले असतात.

पटले, तरी लगेच गाडी विकू नका. महिनाभर तिची किल्ली एखाद्या नातेवाइकाकडे ठेवायला द्या. गरज पडेल तेव्हा काय केले आणि किती पैसे गेले, ते कॅलेंडरवर लिहा. महिना पावसाळ्यातला असेल तर उत्तम, कसोटी खरी होईल. ज्या दिवशी दोघांनाही एकाच वेळी मोटार लागली असे दिवस मोजा. ते आठवड्याला दोन-तीन निघाले, घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, किंवा ऑफिसचा रस्ता असा असेल की तिथे ना बस ना मेट्रो आणि दुचाकी धोक्याची, तर दुसरी गाडी ठेवा. तिची किंमत माहीत असून ठेवा. पण महिन्यात असा एखादाच दिवस निघाला, तर गाडी अंगणात सांभाळण्यात अर्थ नाही. नुसती न वापरता ठेवून दिली तर पेट्रोलचे १५ टक्के वाचतात, बाकीचे ८५ जातच राहतात. वाचवायचे असतील तर विकावीच लागते.

विकताना घाई नको. कर्ज फिटलेले असले तरी आरसीवर बँकेचा बोजा उतरलेला नसतो. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवून घ्या. मग फॉर्म २९ आणि ३० भरून मालकी बदला. पैसे घेऊन किल्ली दिली, कागद नंतर करू, असे कधीही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि अपघाताची भरपाईही त्याच्यावरच येते, गाडी प्रत्यक्षात कुणाकडेही असो. आपले नाव उतरल्याचे स्वतः ऑनलाइन तपासा. फास्टॅग बंद करा. आणि विमा कंपनीकडून नो-क्लेम बोनस राखून ठेवल्याचे पत्र मागा. सलग पाच वर्षे दावा केलेला नसेल तर ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत जाते. ती गाडीची नसते, मालकाची असते. पत्र तीन वर्षे चालते, त्या मुदतीत कधी पुन्हा मोटार घ्यावीशी वाटली तर नव्या पॉलिसीला लावता येते.